एका बाराला तीन टोप्या

१

"साठ मोज. टोपी वाजली आणि बार झाला नाही, तर नळी आहे तिथेच रोखून धर आणि साठ मोज. मागून कुणी हाक मारो, आभाळ कोसळो, साठ होईपर्यंत तोंड वळवायचं नाही. बंदुकीचंही नाही आणि आपलंही नाही."

आमच्या वडिलांचा, अप्पांचा हा आवाज अजून माझ्या कानात तसाच आहे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. ठासणीच्या जुन्या बंदुका राखणं हा त्यांचा धंदा होता. त्यांच्या बाकासमोर आम्ही तीन पोरं मांडी घालून बसायचो: मी, माझा मोठा भाऊ दादा आणि आमचा मामेभाऊ चिमणा. चण लहान म्हणून चिमणा. पन्नाशी उलटली तरी तो चिमणाच राहिला. पुढे दादाने अप्पांचं काम चालवलं, चिमण्याने बाजारात कुलपं दुरुस्त करायचं दुकान टाकलं, आणि मी लग्न होऊन गेले ती नवरा वारल्यावर दादाच्या घरी परत आले.

परत आले ती माझे नेम घेऊनच आले. सकाळी ऊन ओट्यावर येईपर्यंत मी बोलत नाही. खोटं बोलत नाही. आणि जीव मारून काढलेल्या वस्तूला हात लावत नाही. या शेवटच्या नेमाची दादाने यथेच्छ थट्टा केली. "अगं, बंदुकीच्या घरात राहतेस आणि चरबीला शिवत नाहीस? वाघाच्या गुहेत राहून दूधभात मागण्यातला प्रकार आहे हा." पण थट्टा करून झाल्यावर अप्पांच्या वेळेपासूनचा चरबीचा डबा त्याने स्वतःच घराबाहेर काढला. तेव्हापासून बंदुकांना लावायचं वंगण मी करते, मेण आणि एरंडेल मंद आचेवर एकजीव करून. पिवळं होतं, आणि त्याला मधाच्या पोळ्याचा वास येतो. मेणासाठी माशा मारत नाहीत ना, हे मी स्वतः जाऊन बघून आले होते. सात वर्षांत दादाच्या हातच्या बंदुकीला दुसरं काही लागलेलं नाही.

त्या शनिवारी अप्पांचा दिवस होता, ते गेले ती तिथी. मी सकाळपासून प्रार्थनेला गेले होते. संध्याकाळी परत आले तर गल्लीच्या तोंडाशी माणसं घोळक्याने उभी होती आणि मला बघून बाजूला झाली.

नेमबाजी मंडळाचे चिटणीस मैदानावर मरून पडले होते. छातीत शिशाची एक गोल गोळी. तशी गोळी हल्लीच्या कुठल्याच बंदुकीत बसत नाही. ती बसते फक्त मंडळाच्या खोलीत भिंतीला लावलेल्या चार ठासणीच्या बंदुकांत. त्या खोलीचं कुलूप जसंच्या तसं होतं, आणि किल्ली एकच होती.

ती दादाच्या खिशात होती.

२

फौजदार वयाने माझ्या मुलासारखा, बोलायला मऊ, आणि नखं खायची सवय असलेला. चौकीतल्या मागच्या खोलीत त्याने चारही बंदुका टेबलावर ओळीने मांडल्या होत्या.

"मावशी, तुम्ही रडत बसला नाहीत, प्रश्न विचारायला आलात, म्हणून सांगतो," तो म्हणाला. "काळी दारू काय घाण करते ते मला या तीन दिवसांत कळलंय. बार केला की नळीत काजळी, सडक्या अंड्यासारखा वास, आणि दुसऱ्या दिवसापासून गंज. मी चारही बंदुका हुंगल्या. एकीलाही तो वास नाही. वरून बघा, लख्ख. म्हणजे ज्याने मारलं त्याने लगेच साफ करून जागेवर लावली. आणि या बंदुका साफ करायची विद्या या गावात एकाच माणसाकडे आहे."

त्याचं म्हणणं सरळ होतं.

"आणि हे." त्याने कागदाची पुडी उलगडली. आत तांब्याची फुटलेली एक टोपी होती, चण्याच्या टरफलाएवढी. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडातून ओतून गजाने ठासायची असते. मागे बुडाशी एक लहान पोकळ खुंटी असते, तिच्यावर ही टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी खुंटीच्या भोकातून आत जाते. त्या भोकाला आम्ही कान म्हणतो.

"जिथून बार झाला तिथे एवढंच सापडलं," फौजदार म्हणाला. "सगळं गवत पालथं घातलं. एक टोपी, एक गोळी, एक माणूस."

दादाला भेटू दिलं. चाळीस वर्षांच्या धुराने त्याची छाती आधीच गेलेली, त्यात कोठडीतली ओल. बोलण्याआधी तो बराच वेळ खोकला.

"मी बार केला नाही," तो म्हणाला.

"ते मला सांगायला नको. मग कुणी केला?"

"जे बघितलं नाही ते कसं बोलू?"

"संशय तरी?"

त्याने भिंतीकडे तोंड केलं. "संशयाला काय, तो कुणावरही बसतो. माशीसारखा."

"शुक्रवारी मोठ्या कोर्टाच्या तुरुंगात नेणार आहेत तुला. तिथला उंबरठा ओलांडलास तर या छातीने परत येशील का?"

तो काही बोलला नाही. तेच मला खटकलं. माझा भाऊ घाबरला असता तर मला समजलं असतं. पण तो गप्प होता, आणि गप्प बसणारा माणूस काहीतरी झाकत असतो. स्वतःचं नाही तर दुसऱ्याचं. चौकीच्या पायऱ्या उतरताना आयुष्यात पहिल्यांदा मला दादाचाच संशय आला.

आजचा मंगळवार. माझ्या हातात दोन दिवस होते.

३

मंडळाचे अध्यक्ष कप्तान. सैन्यातून निवृत्त, मिशा अजून नोकरीत. शनिवारी दुपारी चिटणिसांशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ते बाजारातल्या भाजीवालीनेसुद्धा ऐकलं होतं.

"हो, भांडलो!" ते खुर्चीत बसल्या बसल्या गरजले. "तो माणूस नियमांचा किडा होता. याला येऊ देऊ नका, त्याला हात लावू देऊ नका. पण भांडण झालं म्हणून मी माणसं मारत सुटलो असतो तर या गावात तुम्ही आणि मी दोघंच उरलो असतो, बाई."

"संध्याकाळी कुठे होतात?"

"घरी. एकटा. बायको नाही, पोरं नाहीत, कुत्रंही गेल्या वर्षी मेलं. साक्षीला कुणाला आणू?" मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या दादाबद्दल वाईट वाटतं. पण त्याचं ते एक एक! गरम पाणी काय, साबण काय, मेण काय. मी माझी रायफल मशीनच्या तेलाने पुसतो, पाच मिनिटांत मोकळा. माझी बाटली मंडळाच्या खोलीत खिडकीतच असते. त्याला किती वेळा म्हटलं, घे, वापर. तर म्हणे, ते तेल या नळीत विष. आणि टोप्यांची उधळपट्टी! एका बाराला तीन तीन टोप्या जाळायच्या. दोन आधी रिकाम्याच फोडायच्या. नळीच्या तोंडासमोर गवताची काडी धरून! पोरखेळ!"

"काडी हलली म्हणजे कान मोकळा असल्याचं कळतं," मी म्हणाले. "ठासणीची नळी धुताना खुंटी काढायची असते, ठाऊक नाही का?"

"काढायची?" कप्तानांनी भुवया वर केल्या. "ती निघते होय? मला वाटलं, नळीबरोबरच ओतलीय."

मी उठले. दारापर्यंत पोचवायला आलेले कप्तान एकदम म्हणाले, "बाई, एक सांगू? डॉक्टरीणबाईंनाही विचारा. स्पर्धेच्या संघातून चिटणिसाने त्यांचं नाव काढलं होतं. त्या ठासणीच्या बंदुकीने पन्नास पावलांवरचं पान टिपतात."

डॉक्टरीणबाई दवाखान्यात हात धूत होत्या. माझ्या प्रश्नावर रागावल्या नाहीत. "मी तेव्हा एका बाळंतिणीजवळ होते. मुलगी झाली, साडेपाचला. रडण्याचा आवाज अख्ख्या गल्लीने ऐकलाय. एवढी साक्ष पुरे?" मग हात पुसता पुसता त्या थांबल्या. "पण तुम्ही आलात ते बरं झालं. चिटणिसांना मीच तपासलं. एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. गोळी सात-आठ पावलांवरून लागलीय. आणि खालून वर गेलीय."

"खालून वर?"

"बंदूक खांद्याला नव्हती. इथे होती." त्यांनी कमरेशी हात धरला. "नेम धरून मारणारा माणूस बंदूक कमरेशी का धरेल? आणि चिटणिसांच्या मुठीत लाल निशाण होतं. मैदानावर कुणी बार करत असलं की थांबवायला हलवतात ते."

घरी येताना मी तेच घोकत होते. खालून वर. लाल निशाण. कुणी मारेकरी माणूस समोरून निशाण हलवत येईपर्यंत वाट बघतो का?

४

बुधवारी सकाळी ऊन ओट्यावर यायच्या आत चिमणा आला. माझं मौन त्याला ठाऊक होतं, तरी आला. हातातली पिशवी खाली ठेवून पायरीवर बसला. बोटं कुलपांच्या कामाने काळी, डोळ्यांखालीही तसंच काळं.

"अक्का, बोलू नकोस, ऐक फक्त," तो म्हणाला. "आई रात्रभर दादाचंच नाव घेते. आंधळी झाली तरी तिला सगळं दिसतं बघ. जेवली नाही काल."

मी त्याच्याकडे बघत राहिले. माझ्या मौनाची एक गंमत आहे. समोरचा गप्प असला की माणसाला ती पोकळी सहन होत नाही. आपलेच शब्द टाकून तो ती बुजवत राहतो.

"फौजदाराला काय कळतं? वरून लख्ख दिसली म्हणजे साफ झाली का? त्याला म्हणावं, नळीत पांढरी चिंधी घालून बघ. आतून बघ. दादाने साफ केली असेल तर वेगळी दिसेल, आणि समज, मशीनच्या तेलाने कुणी पुसली असेल तर वेगळी. होय की नाही?" त्याने मान खाली घातली. "ते कुलूप मीच बसवलंय खोलीचं, म्हणून सांगतो. त्याची किल्ली कुणीही उतरवून घेऊ शकतो. कप्तानसुद्धा."

मी मान हलवली. तो उठला, जरा वेळ उभाच राहिला. "दादाला खोकला येत असेल ना तिथे?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला. उत्तर द्यायला मला तसंही येत नव्हतं.

मला त्याची दया आली. स्वतःचं दुकान, आंधळी आई, आणि तरी दादासाठी डोकं चालवतोय. दोन वर्षांपूर्वी चिटणिसांनी त्याला मंडळात यायची बंदी केली होती. एकदा त्याने बंदूक भरली की नाही हे गज टाकून न बघताच पुन्हा भरली, आणि नळी फाटता फाटता राहिली. तेव्हापासून बंदुकीला हात नाही. एवढं होऊनही तो मदतीला धावला होता.

ऊन ओट्यावर आलं. मी गज, पाना आणि पांढऱ्या चिंध्या पिशवीत घातल्या आणि चौकीची वाट धरली.

५

"चारही आतून बघायच्या आहेत," मी फौजदाराला म्हणाले.

"मी हुंगल्यात, मावशी."

"नाकाला तेल फसवतं. चिंधीला नाही फसवत."

पहिल्या बंदुकीत आधी गज टाकला. गजावर अप्पांनी कोरलेली खूण नळीच्या तोंडाशी आली, म्हणजे आत काही नाही. मग चिंधी फिरवली. बाहेर आली ती फिकट पिवळी, पोळ्याचा वास घेऊन. दुसरीचंही तेच. चौथीचंही तेच. तिसरीतून चिंधी ओढून काढली आणि फौजदार खुर्चीतून उठला.

चिंधी डांबरात बुडवल्यासारखी काळी आणि चिकट झाली होती. दुसरी घातली, तीही काळी. तिसरी लालसर, गंजाची. आणि मशीनच्या तेलाचा उग्र वास.

"हिच्यातूनच बार झाला," मी म्हणाले. "काळ्या दारूची काजळी पाण्यात विरघळते, म्हणून आम्ही आधी गरम पाणी ओततो, मग वाळवतो, मग मेण. हिला पाणी लागलेलंच नाही. नुसतं तेल फिरवलंय. तेल आणि काजळीचं डांबर होतं, वरचा वास मरतो आणि आतून नळी कुजत जाते. ही साफ केलेली नाही, नुसती पुसलेली आहे. माझ्या भावाला झोपेतून उठवून बंदूक हातात दिली तरी तो हे करणार नाही."

फौजदाराचं नख तोंडातच राहिलं. "मशीनचं तेल. म्हणजे कप्तान!" त्याने आपली पोलिसी टोपी डोक्यावर चढवली. "मावशी, तुमचा भाऊ सुटला समजा."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. तो शिपायांना हाका मारत बाहेर गेला आणि मी त्या तिसऱ्या नळीकडे बघत बसले. अप्पांची आवडती. अशीच ठेवली तर आठवड्यात सडेल. मी गरम पाणी मागवलं, पाना लावला आणि खुंटी फिरवली.

ती लोण्यासारखी निघाली.

मी थबकले. बार करून चार दिवस तशीच राहिलेली खुंटी अशी निघत नाही. ती काजळीने जाम होते, पान्याला झुंजवते. ही कुणीतरी आधीच काढली होती, पुसली होती, आट्यांना बोटभर वंगण लावून पुन्हा बसवली होती. पुढच्या वेळी निघावी म्हणून. घाईत नळी विष घालून पुसणाऱ्या माणसाला पुढच्या वेळेची काळजी का वाटावी? त्याला वाटली नव्हती. त्याच्या हाताला वाटली होती. लहानपणी बाकासमोर बसून जे बोटांत मुरतं, ते डोक्याला विचारून होत नाही.

आणि ज्यांना खुंटी निघते हेच ठाऊक नाही, ते कप्तान हे करणार नव्हते.

अप्पांच्या बाकासमोर तिघं बसत होतो. एक मी. एक कोठडीत. मी आटे उजेडाकडे धरले. देवा, इथे पिवळं दिसू दे, म्हणजे दादानेच मागच्या खेपेला लावलेलं असेल, असं मनात म्हणाले.

वंगण पांढरं होतं. मी अंगठ्यावर घेऊन चोळलं. ऊब लागताच वास आला, कसायाच्या दुकानाचा.

सात वर्षं मी जिला शिवले नव्हते, ती माझ्या अंगठ्यावर होती.

६

फौजदार दारात आला. "चला, कप्तानाला आणायला गाडी काढलीय."

"काढलेली गाडी तासभर उभी ठेवा," मी म्हणाले. "हे कप्तानांचं काम नाही. का ते मी येऊन सांगते."

"तुम्हाला ठाऊक आहे कोण ते?"

खोटं बोलता येत नाही, ही फार अवघड गोष्ट आहे. "हो," मी म्हणाले. "पण त्याने स्वतः चालत यावं असं मला वाटतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. "तास म्हणजे तासच, मावशी."

चिमण्याचं दुकान म्हणजे एक दार, एक फळी आणि छताला टांगलेल्या शेकडो किल्ल्या. मागच्या खोलीत मामी जमिनीवर बसून जुन्या किल्ल्या निवडत होती. डोळे गेल्यापासून ती हे काम करते. दातांवरून बोट फिरवते आणि जातवार ढीग लावते. एक चुकत नाही.

चिमणा एका कुलपात बोटाने पांढरं वंगण भरत होता. शेजारी उघडा डबा. चरबीचा, अप्पांच्या वेळचाच. दादाने घराबाहेर काढलेला तो यानेच नेला होता.

मी फळीला टेकले आणि हळूच विचारलं, "किती मोजलेस?"

त्याचं बोट कुलपात तसंच राहिलं. किल्ल्या वाऱ्याने किणकिणल्या. मग तो म्हणाला, "अकरा."

"कोण आलंय रे?" मामीने आतून विचारलं.

"अक्का आलीय, आई."

"बस म्हणावं. आज पावलं जड वाजली तिची."

मी बसले. चिमणा माझ्याकडे न बघता बोलू लागला, कुलपाला सांगितल्यासारखा. "अप्पांचा दिवस होता. त्यांच्या बंदुकीने लक्ष्यावर एकच बार करायचा होता, सलामी म्हणून. मागायला गेलो असतो तर चिटणीस हो म्हणाले असते का? कुलूप माझंच, उघडलं. खोलीतलीच दारू, गोळी आणि टोपी घेतली. घाईत भरली. टोपी वाजली, बार नाही झाला."

"दोन टोप्या आधी फोडल्या नव्हत्यास."

त्याने चमकून वर बघितलं. "तुला कसं..."

"फौजदाराला गवतात एकच सापडली. तो म्हणतो, एक बार, एक टोपी. आपल्याकडे एका बाराला तीन लागतात. नळीला आणि कानाला दादाने मेण लावून ठेवलेलं असतं, ते जाळायला दोन. तू जाळलं नाहीस. ठिणगी मेणात अडकली. तशी ठिणगी मरत नाही, उशीर करते. गोळी कमरेच्या उंचीवरून सुटली हे ऐकलं तेव्हाच मला कळायला हवं होतं, की बंदूक तेव्हा रोखलेलीच नव्हती."

"आवाज होईल म्हणून नाही फोडल्या गं. आवाज होईल म्हणून!" तो हसल्यासारखा झाला, पण हसला नाही. "बंदूक तशीच रोखून मोजायला लागलो. दहा... अकरा... तेवढ्यात मागून चिटणीस ओरडले, कोण आहे रे तिकडे. निशाण हलवत धावत आले. मी वळलो, अक्का. सांगायला वळलो, की येऊ नका. थांबा. आणि वळता वळता..."

त्याने दोन्ही काळे हात तोंडावर धरले.

"मग कप्तानांची बाटली?"

"गरम पाणी कुठून आणू? जे दिसलं त्याने पुसली. कामाच्या पिशवीतला पाना आणि वंगण खुंटीसाठी कधी हातात आलं, ते माझं मलाच कळलं नाही. तेव्हा कुणावर ढकलायचं मनात नव्हतं, आईशपथ. पण दादाला नेलं, तेव्हा सुचलं. कप्तानाला कोण आहे, म्हटलं. मला आई आहे."

"दादाला मी आहे, चिमण्या."

हे मी हळूच म्हणाले, तरी त्याला चाबूक लागल्यासारखं लागलं.

"दादाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "दर वर्षी अप्पांच्या दिवशी मी बार करायचो, बंदी येईपर्यंत. त्याला ठाऊक असणारच. आणि तरी बोलला नाही ना?"

"बघितलं नाही ते बोलत नाही, म्हणाला. तो खोकतोय, चिमण्या."

आत मामीने किल्ल्यांचा एक ढीग डब्यात ओतला. खणखणाट झाला आणि थांबला. चिमणा उठला. वंगणाचा डबा बंद केला. हात चिंधीला पुसले, एक एक बोट करून, अप्पांनी शिकवलं होतं तसे.

"अक्का, आईला सांग, मी परगावी मोठ्या कामाला गेलोय."

"खोटं मी सांगणार नाही."

"मग काय सांगशील?"

"ती विचारेल तेवढंच सांगेन. आणि सांगितल्यावर उठून जाणार नाही. रोज संध्याकाळी येईन, तिच्या पायांना तेल लावीन, ती झोपेपर्यंत बसेन. तू येईपर्यंत."

"रोज?"

"रोज."

त्याला माझे नेम ठाऊक होते. त्याने पुन्हा विचारलं नाही. आत जाऊन आईच्या डोक्यावर हात ठेवला, "येतो गं" म्हणाला, आणि बाहेर पडला. मी चार पावलं मागे होते. रस्त्यात तांबटाने हाक मारली, चहावाल्याने मारली. चिमण्याचे ओठ हलत होते आणि तो सरळ चौकीकडे बघत चालला होता. या वेळी त्याने तोंड वळवलं नाही.

७

डॉक्टरीणबाईंनी गोळी खालून वर गेल्याचं लिहून दिलं. फौजदाराने ती एकुलती एक टोपी पुडीत बांधताना मला पुन्हा तीन टोप्यांचं सगळं समजावून सांगायला लावलं आणि शब्दन्‌शब्द उतरवून घेतला. "खून नाही म्हणता येईल," तो म्हणाला. "पण माणूस गेलाय, आणि यानं चार दिवस दुसऱ्याला आत बसू दिलं. त्याचं जे व्हायचं ते होईल, मावशी." मीही तेच म्हणत होते. चिटणिसांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोलाही जे झालं ते सगळं सांगितलं. तिने दार लावून घेतलं. त्यात तिचं काही चुकलं नाही.

गुरुवारी दुपारी दादा घरी आला. बाकासमोर बसला, तिसरी बंदूक मांडीवर घेतली. फौजदाराने ती दोन तासांसाठी दिली होती, नळी वाचवायला, शिपाई दारात बसवून. मी चुलीवर पाणी चढवलं. उकळतं पाणी नळीत ओतलं तसं ते काळं, मग राखाडी, मग तांबूस होऊन खुंटीच्या भोकातून बाहेर पडत राहिलं. सात वेळा ओतलं तेव्हा कुठे स्वच्छ आलं.

"वाचेल?" मी विचारलं.

"वाचेल." तो खोकला. "आत डाग राहील. बार केला की प्रत्येक वेळी हाताला लागेल." मग म्हणाला, "माझा संशय आला होता तुला?"

"हो."

"मंगळवारी?"

"हो."

त्याने मान हलवली. "बरं केलंस, खोटं नाही बोललीस." आणि पिवळ्या वंगणाचं बोट आट्यांवरून फिरवू लागला.

शिपाई बंदूक घेऊन गेला. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. मी एरंडेल वाटीत काढलं, जरा कोमट केलं, वाटीवर झाकण ठेवलं. दादाने विचारलं नाही कुठे. फक्त वाट देण्यासाठी पाय आखडून घेतले. मी चपला घातल्या, वाटी पदराखाली धरली आणि कडी न वाजवता दार ओढून घेतलं.